अण्णा आणि जंकमध्ये गेलेलं पत्र

अख्ख्या बंगळूरमध्ये आमच्या अण्णांइतका संशयी माणूस शोधून सापडणार नाही. व्हाइटफील्डच्या आमच्या ऑफिसातली मेलची यंत्रणा ते सांभाळतात. घराणं मराठी, पण कैक पिढ्या इथेच मुरलेलं, त्यामुळे संशयसुद्धा ते आधी कन्नडमध्ये घेतात. सर्जापूर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटची बेल वाजवली की आतून ‘यारु?’, म्हणजे ‘कोण?’. नाव सांगितलं की ‘कुठले? कुणी पाठवलं?’ दिवाळीचा फराळ घेऊन आलेल्या सख्ख्या मेहुण्याला, त्यानं नवी दाढी ठेवली होती म्हणून, बायको आंघोळ उरकून येईपर्यंत त्यांनी जिन्यात उभं केलं होतं. ऑफिसात मी त्यांच्यासमोरच बसतो, तरी माझा मेल उघडण्याआधी मान वर करून विचारणार, ‘तुम्हीच पाठवलात न्हवं?’ आम्ही त्यांची मनसोक्त टर उडवायचो.

एकदा साहेबांच्या नावानं कुणा भामट्याचा मेल आला आणि अण्णांना चेव चढला. नाव आमच्या ऑफिसचं पण येणं बाहेरच्या दारानं, असा प्रत्येक मेल थेट जंकमध्ये, म्हणजे नकोशा मेलच्या कप्प्यात, असा नियमच त्यांनी यंत्रणेत घालून टाकला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण एचआरची पत्रं आमच्याच नावानं बाहेरची एक कंपनी पाठवते, हे अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि जगातल्या प्रत्येकाला प्रश्न विचारणाऱ्या या माणसानं नेमकं तेवढंच विचारलं नव्हतं.

आमच्या टीममध्ये बेळगावची एक मुलगी होती. तिच्या आईला विसरायचा आजार जडलेला. आई ओळखतेय तोवर घरी पोचायचं, एवढाच तिचा ध्यास. बेळगावच्या आमच्या छोट्या शाखेत एक जागा निघाली, तिनं अर्ज केला आणि रोज वाट पाहिली. शेवटी चौकशीला गेली तेव्हा कळलं, पत्र केव्हाच पाठवलं होतं, होकार आला नाही म्हणून जागा दुसऱ्याला दिली. पत्र तिच्या जंकमध्ये पडून होतं. अण्णा तिच्या टेबलाशी आले, ‘अक्का, माझ्यामुळं झालं’ एवढंच म्हणाले आणि शिक्षा झालेल्या पोरासारखे तिथेच उभे राहिले. मला तर आमच्या टाळ्या आठवून मान वर करवेना.

त्या कंपनीची ओळख पटवून एचआरची पत्रं सरळ इनबॉक्समध्ये येतील अशी सोय अण्णांनी त्याच दिवशी केली. पण लाज काही गेली नाही. रोज सकाळी टेबलाटेबलाशी जाऊन ‘जंक बघा स्वल्प’ म्हणू लागले. कॅन्टीनमध्ये साहेबांचा डोशाचा घास तोंडाशी असताना विचारायचे, लिफ्टमध्ये अनोळखी माणसांना विचारायचे. टर उडवावी असं पुष्कळ होतं, पण आता कुणी हसत नसे. पुढे कित्येक महिन्यांनी दुसरी जागा निघाली, तेव्हा तिच्या इनबॉक्समध्ये पत्र दिसेपर्यंत अण्णा तिच्या खुर्चीमागून हलले नाहीत. निरोपाच्या केकला मात्र आले नाहीत.

परवा मला म्हणाले, ‘तिला फोन लावा. माझं नाव नको. आई ओळखते का, विचारा.’

मी विचारलं. ती म्हणाली, ‘नाही हो, मी पोचले तेव्हाच ओळखेनाशी झाली होती. पण आता दारात कुणीही येऊ दे, कोण म्हणून विचारत नाही. ये बाळ, जेवलास का, म्हणते.’

खोटं सांगावं असं फार वाटलं, पण अण्णांपुढे ते टिकलं नसतं. जसंच्या तसं सांगितलं. ते ‘सरी’, बरं, एवढंच म्हणाले आणि स्क्रीनकडे बघत बसले.

रविवारी त्यांच्याकडे गेलो. बेल वाजवली आणि सवयीनं नाव सांगायला तोंड उघडलं, तोच कडी निघाली. आतून ‘यारु’ आलंच नाही. अण्णा दारात उभे होते, नजर खाली.

‘या,’ ते म्हणाले. ‘जेवलात का?’

मी भरपेट जेवून निघालो होतो. तरी ‘नाही’ म्हणालो.