तानाबाई आणि गगनबावड्याची गाडी

आमच्या अण्णांना कोल्हापूर ते गगनबावडा रस्त्यावरची निम्मी माणसं ज्ञानू कंडक्टर म्हणून ओळखायची. एकतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली बावीस याच एका रस्त्यावर. निवृत्तीनंतरसुद्धा घरात कुणी दारात घोटाळलं, की ते ओरडायचे, "पुढं सरका!"

२०१७च्या डिसेंबरात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा गाडीच्या आवाजावर आवाज चढवणारा हा माणूस पाणी मागायलाही "ते... ते... ते..." एवढंच म्हणू शकत होता. आई आधीच गेलेली. भाऊ धैर्यशील पुण्याला. सानेगुरुजी वसाहतीतल्या आमच्या घरात मी, अण्णा आणि माझी शाळेतली नोकरी. डॉक्टरांनीच कुणाकडून तरी निरोप धाडला आणि जानेवारीतल्या एका सकाळी आठ वाजता तानाबाई दारात उभ्या राहिल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, हिरव्या काठाचं लुगडं, हातात कापडी पिशवी.

"मी वडगावास्नं आलो," त्या म्हणाल्या. "पेशंट कुठं हाय?"

कोल्हापूरकडच्या पुष्कळ बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल 'आलो', 'गेलो' असंच बोलत. माझ्या पुण्याच्या वहिनीला ते फार मजेचं वाटायचं. मला पहिल्या दिवसापासून त्यात एक भरवसा वाटला.

मी त्यांना मावशी म्हणू लागले. मावशींचं शिक्षण म्हणाल तर चौथीपर्यंत. माहेर साळवणजवळच्या एका वाडीत, सासर पेठ वडगावात. लग्न होऊन आल्या तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली. नऊ वर्षं त्यांनी तिचं सगळं केलं. नवरा शिरोलीच्या फौंड्रीत पाळीवर जायचा. सासूचं बघून गल्लीतल्या बायका बोलवायला लागल्या, मग तिथल्याच एका डॉक्टरांनी आपल्या लहानशा दवाखान्यात मावशी म्हणून ठेवून घेतलं. अठरा वर्षांनी डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. तेव्हापासून त्या घरोघरी म्हाताऱ्या माणसांचं बघत होत्या.

पहिल्या दिवशी अंघोळीवरून रणकंदन झालं. परक्या बाईनं आपल्याला अंघोळ घालायची, हे अण्णांना सोसेना. त्यांनी डाव्या हातानं पाण्याचा तांब्या भिरकावला. तो खणखणत मोरीपर्यंत गेला. मी रडकुंडीला आले. मावशींनी शांतपणे तांब्या उचलला, परत भरला आणि त्यांच्या शेजारी टेकल्या.

"अण्णा, लाज वाटतीया न्हवं? वाटू दे. माझ्या सासूलाबी वाटायची, सख्ख्या सुनंची. तुमी आपलं डोळं मिटा. मी मिटलं आस्तं, पर मग साबण तुमच्या नाकात जाईल."

अण्णांच्या तोंडाचा चांगला कोपरा जरासा वर गेला. दवाखान्यातून आल्यावर मी पहिल्यांदाच त्यांना हसताना बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मला मावशींकडून काय काय शिकायला मिळालं! शर्ट घालताना आधी लुळा हात बाहीत सोडायचा, काढताना मात्र आधी चांगला. उठवताना लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि माकडहाड रोज उजेडात बघायचं. पातळ पाण्यानं अण्णांना ठसका लागायचा, म्हणून त्यांना ताठ बसवून, हनुवटी जरा खाली घेऊन नाचणीची दाट आंबील चमच्याचमच्यानं. एकदा मी घाईत दुसरा चमचा पुढं केला, तर माझा हात धरला त्यांनी. "आधीचा गिळू दे की. तुला शाळंची घाई हाय, गळ्याला न्हाय."

अण्णा सकाळी उठून बसले, की तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे. लांबलचक, एका सुरात, शब्द न शब्द एकमेकांत गुंतलेला. मेंदूला धक्का बसलाय, तेव्हा हे असंच चालायचं, असं मी समजून चालले होते. महिनाभरानं एका सकाळी मावशी त्यांची बंडी घालता घालता एकदम थांबल्या. कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"पोरी, इकडं ये! ह्ये बडबडत न्हाईत. स्टॉप म्हंत्यात स्टॉप!"

"कसले स्टॉप?"

"आगं ऐक की. साळवण म्हनालं आत्ता. माझ्या म्हायेराचं नाव मला कळंना व्हय?" मग अण्णांच्या समोर बसून त्यांनी मोठ्यानं सुरुवात केली, "रंकाळा..."

अण्णांचे डोळे चमकले. "फुलेवाडी," ते म्हणाले. अस्पष्ट, पण फुलेवाडीच.

"आनि फुडं?"

"बालिंगा. कोपार्डे. कळे..." आणि साळवण, असळज करत गाडी गगनबावड्याला पोचली. मी दाराला धरून उभी होते. दोन महिन्यांत माझ्या वडिलांनी उच्चारलेले हे पहिले धड शब्द होते.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, की असं होतं. गप्पा मारता येत नाहीत, पण वर्षानुवर्षं ओळीनं म्हटलेलं कधी कधी शाबूत राहतं. मावशींना त्या स्पष्टीकरणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना रस्ता सापडला होता. त्या रोज प्रवासी व्हायच्या. "ओ कंडक्टर, एक कळे द्या!" म्हणून हात पुढं करायच्या. कळ्यात कोण चढलं, दुधाची किटली कुणाची, बालिंग्याच्या पुलाखाली काय असतं, असं विचारत राहायच्या. एप्रिलमध्ये याच पुलावरून अण्णा "पानी" म्हणाले आणि त्यानंतर त्यांना पाण्यासाठी "ते ते" करावं लागलं नाही. पावसाळा संपेस्तोवर वीस-पंचवीस शब्द जमा झाले. काठी धरून ते अंगणापर्यंत जायला लागले. माझं नाव मात्र शेवटपर्यंत त्यांना जमलं नाही. मला ते "पास" म्हणायचे. शाळेत असताना मी पासवर प्रवास करायचे म्हणून असेल. मी त्या हाकेला ओ द्यायला लागले.

दिवाळीनंतर मावशी म्हणाल्या, "यास्नी एकदा गाडीत बसवूया."

धैर्यशील फोनवर चिडला. "गर्दीत पडले बिडले तर? आणि लोक बघणार, तमाशा नुसता!"

मावशींनी फोन मागून घेतला. "सायेब, डॉक्टरांस्नी इचारलंय, जावा म्हनालेत. पडू द्यायला मी काय मेलोय काय?"

डॉक्टरांनी खरंच परवानगी दिली होती. एका मंगळवारी सकाळी आम्ही रंकाळा स्टँडवर गेलो. गाडीच्या पायऱ्या उंच. चालकानं उतरून अण्णांना मागून आधार दिला, मावशी पुढून. कंडक्टर पंचविशीतली मुलगी होती, खाकी गणवेश, छातीवरच्या पट्टीवर प्रियदर्शनी असं नाव. अण्णा याच रस्त्यावरचे जुने कंडक्टर, असं कळल्यावर तिनं दारालगतचं बाक रिकामं करून दिलं. तिच्या हातातलं तिकिटाचं यंत्र अण्णांनी निरखून बघितलं आणि नापसंतीनं मान हलवली. त्यांच्या काळी तिकीट टोचायचा पंच असायचा. त्याची टिकटिक आमच्या घरातसुद्धा ओळखीची होती. सुट्टीच्या दिवशी ते सवयीनं चमच्यानं ताटावर तसंच वाजवायचे.

कोपार्ड्याला कॉलेजची पोरं चढली आणि दारातच गठ्ठा करून उभी राहिली. प्रियदर्शनी काही बोलायच्या आत बाकावरून आवाज आला, "पुढं सरका! मागं जागा हाय!"

शब्द इतका खणखणीत होता, की पोरं मुकाट्यानं सरकली. मी आणि मावशी एकमेकींकडं बघतच राहिलो. एवढं लांब वाक्य त्यांनी अकरा महिन्यांत उच्चारलं नव्हतं.

प्रियदर्शनी हसली. घंटीची दोरी अण्णांच्या डाव्या हाताशी येत होती. "काका, आता घंटी तुमीच द्या," ती म्हणाली. अण्णांनी दोनदा ओढली, गाडी निघाली. मग कळ्यापर्यंत प्रत्येक स्टॉपला तेच. दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस, वाऱ्याला गुऱ्हाळाचा वास. अण्णा ताठ बसले होते. नातेवाइकाकडं पाहुणचाराला निघाल्यासारखे नव्हे, ड्यूटीवर असल्यासारखे.

कळे मागं पडलं तशा मावशी अण्णांच्या शेजारी कडेला सरकल्या. खिडकीला नाक लावून बसल्या. साळवण जवळ आलं तेव्हा मला हळूच म्हणाल्या, "त्या तितं, आंब्याखाली, आई हुबी हुती. लगीन झाल्यावर हितनंच गाडीत बसलो मी. गाडी हालली तरी ती हात वर करून हुबीच. पुना कवा मागं बघायला मिळालं न्हाय. सासू पडून, मला कोन सोडतंय? आई गेल्याचं कळलं तेबी चार दिसांनी."

साळवणला उतरणारं कुणी नव्हतं, चढणारंही दिसत नव्हतं. गाडी तशीच पुढं जाणार, तेवढ्यात एक घंटी वाजली. गाडी थांबली. प्रियदर्शनी गोंधळून मागं वळली. दोरी अण्णांच्या हातात होती आणि ते मावशींकडं बघत होते.

"उतर," अण्णा म्हणाले.

"आवं अण्णा, मला न्हाय उतरायचं. आपल्यास्नी बावड्याला जायाचं हाय."

"उतर." मग त्यांनी ओठ हलवले, चाचपडले, शब्द शोधला. "आई."

मावशींच्या डोळ्याला धार लागली. प्रियदर्शनीला काय कळलं कोण जाणे, तिनं दार उघडलं. "जाऊन या मावशी, थांबतो आम्ही." मावशी उतरल्या, त्या आंब्याखाली गेल्या. खोडावर तळवा ठेवून उभ्या राहिल्या. खाली वाकल्या, चिमूटभर माती कपाळाला लावली. गाडीत कुणी कुरकुरलं नाही. दोन मिनिटांनी त्या पदरानं तोंड पुसत आल्या, आणि अण्णांनी दोन घंट्या दिल्या.

गगनबावड्याला धुकं होतं. स्टँडवर चहा घेतला. अण्णांनी स्वतःच्या हातानं कप धरला, मावशींनी सवयीनं त्यांच्या हनुवटीशी बोट नेलं. परतीच्या गाडीत दोघंही झोपले.

अण्णा त्यानंतर सव्वा वर्ष जगले. २०२०च्या फेब्रुवारीत एका दुपारी आंबील पिऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. शेवटची अंघोळही मावशींनीच घातली, धैर्यशील पाणी ओतत होता. त्यांनी अण्णांची पाठ, टाचा सावकाश पुसल्या आणि आम्हा दोघांना जवळ बोलावलं. "बगा. दोन वर्सं अंथरुनाला हुतं मानूस. एक जखम न्हाय अंगावर." धैर्यशीलनं मावशींच्या पायांवर डोकं ठेवलं.

पुढं एका संस्थेनं रुग्णसेवेचा वर्ग सुरू केला, तिथं मी मावशींना शिकवायला घेऊन गेले. फळ्यावर लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी एकेका मुलीला खाटेवर निजवलं, हलायचं नाही असं बजावलं आणि चमच्यानं पाणी पाजलं. "चमचा दाताला लागला की कसं वाटतंय? कळलं? मग आता पेशंटला लावू नका." मुली हसायच्या, खाटेवरून उठल्यावर मात्र हसायच्या नाहीत.

आता मावशी सदुसष्टच्या आहेत. गुडघे गेलेत. कोल्हापूरला येणं बंद झालंय. गेल्या महिन्यात मी वडगावला गेले, तर घरी त्यांचे मालक एकटेच. फौंड्रीतून निवृत्त झाल्यापासून चहाचं काम त्यांच्याकडं आहे. "शेजारच्या बाळाबाईचं बघायला गेलीया," ते म्हणाले. "मांडी घालता येत न्हाय हिला, तरी जातीया."

आम्ही चहा घेत बसलो. बऱ्याच वेळानं मावशी भिंतीला धरत आल्या. ओले हात पदराला पुसले, माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं, टाचेपासून गालापर्यंत, जसं रोज अण्णांना बघायच्या तसं.

"वाळलीस गं," त्या म्हणाल्या. "बस, भाकरी टाकतो."