झेंड्यापासून लांब

वादळाचा मध्य किनाऱ्यापासून लांब आहे, एवढ्या हिशेबावर मी सहलीची पोरं समुद्रात उतरवली.

हिशेब आमच्याकडच्या गोटमारीतून, दगडफेकीच्या जत्रेतून आलेला. पांढुर्ण्यात जाम नदीच्या मधोमध झेंडा रोवतात, दोन्ही काठांवरचे गोटे त्याच्याभोवती उडतात. झेंड्यापासून लांब राहणारा डोकं शाबूत घेऊन घरी येतो. मी गणिताचा मास्तर. मोबाइलवरचा वादळाचा ठिपका म्हणजे झेंडा असं धरलं, आणि चप्पल काढून पोरांआधी मीच पाण्यात शिरलो.

भूगोलाच्या मॅडमचा राग सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत प्रसिद्ध. बसच्या कंडक्टरलाही त्या ढगांची नावं विचारायच्या आणि चुकला की झापायच्या. मला तर एकदा स्टाफरूममधून काढलं होतं, चहाच्या कपासकट. त्या दिवशी पदर खोचून वाळूतून धावत आल्या.

"काय करून राहिले, सर? पोट्टे काढा बाहेर."

"आपण वादळाच्या झेंड्यापासून लय लांब हाओ, मॅडम."

"हे नेहमीचं वादळ नोहे. नेहमीचं गरम समुद्रावर पोसते, सारा जोर मधात ठेवते. ह्याच्या वरतं थंडी हवा हाय, ह्याचा पसारा मोठा. झेंड्यापाशी शांत, अन् गोटे दूर कडेले पडते. निघा."

ऊन लख्ख होतं. पोरं रडली. मॅडमनी एकेकाला बखोट धरून ओढलं. मला कॉलर धरून. शेवटचा पोरगा बसमध्ये चढला आणि वारा आला. भेळेची गाडी उलटी झाली. पोरं उभी होती तिथली वाळू लाटेनं खरवडून नेली, माझ्या चपलेसकट.

परतल्यावर पालकांची तक्रार: मॅडमनी पोरांना समुद्रात खेळू दिलं नाही, वर हात लावला. शाळेच्या कमिटीपुढे मी उभं राहून सांगितलं, या बाई नसत्या तर आज तुम्ही माझ्या नावानं खडे फोडत असता. अध्यक्ष पान चघळत म्हणाले, "झालं का काही? नाही ना? मंग."

आजही ते 'मंग' आठवलं की हात शिवशिवतात. जिच्यामुळे काही झालं नाही, तिलाच काही झालं नाही म्हणून गुन्हेगार ठरवलं. माफी लिहून द्या म्हणाले. मॅडमनी राजीनामा दिला. आणि भूगोल कोणाला द्यावा या शहाण्यांनी? मला. पोरांना मी आवडतो म्हणे.

हे सांगायला बोरगावला त्यांच्या घरी गेलो. अंगणात त्या संत्री निवडत होत्या. ऐकून घेतलं, एक सडकं संत्रं उकिरड्यावर भिरकावलं.

"सर, तुम्ही गणितातच बरे होते. तिथं तुमच्या चुकीनं कोनी बुडत नोतं."