कोरडे डोळे

भंडाऱ्याकडचं गाव सोडून गयाबाई आणि तिचा नवरा हिरालाल भिलाईत खुर्सीपारच्या झोपड्यांत राहायला आले, तेव्हा तिथल्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी बांधून व्हायची होती. दोघंही ठेकेदाराकडे माती उचलायचे. पुढे सत्तेचाळिसाव्या वर्षी गयाबाईची पाळी गेली. "सुटली एकदाची," ती म्हणाली.

त्याच हिवाळ्यात डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. कारखान्याची धूळ, असं सगळेच म्हणाले. मग तोंडही सुकलं. भाताचा घास पाण्याशिवाय उतरेना. सकाळी बोटं मिटेनात, घमेलं हातातून सुटायचं.

तशात शेजारच्या राधाबाईचा नातू तापाने गेला. गयाबाईने त्याला मांडीवर खेळवलं होतं. त्याची आई अन्नपूर्णा तिच्या गळ्यात पडली. गयाबाईला हुंदक्यांनी श्वास पुरेना, पण डोळ्यांतून थेंब निघाला नाही. लाल, कोरड्या डोळ्यांनी ती बघत राहिली. राधाबाई तिच्याकडे बघत होती.

आठवडाभरात नळावर कुजबुज सुरू झाली. छत्तीसगढी बायका म्हणत, "टोनही." म्हणजे चेटकीण. गयाबाई आली की पोरांना पदराआड घेत.

हिरालालने तिला नागपूरला नेलं. डॉक्टर वसुंधराबाईंनी पापणीत कागदाची पट्टी अडकवली. ती भिजलीच नाही.

"तुमचं शरीरच आसवांच्या न् लाळेच्या ग्रंथींवर उलटलंय. पाळी जायच्या वयात बायकांत हे जास्त दिसतं. का, ते आम्हालाही नीट कळलेलं नाही."

"बरं होईन काय, बाई?"

"थेंब देते. आराम पडेल. मुळापासून जाईल, असं नाही सांगत."

हिरालालने परत येऊन हे सगळं नळावर सांगितलं. राधाबाई शांतपणे म्हणाली, "सोताचंच शरीर सोताले खाते? मंग दुसऱ्याचं लेकरू कावून सोडंन?"

पुढे अन्नपूर्णा पुन्हा गरोदर राहिली. गयाबाईच्या दारात कुंकू लावलेली लिंबं पडू लागली.

"अजी, इथून चाला," ती नवऱ्याला म्हणाली.

"आपून काय गुन्हा केला?"

"तिचे दिवस भरून राहिले. लेकरू जगलं तं ठीक. नाही जगलं तं मले कोन वाचवंन?"

ते भिलाईतल्याच दुसऱ्या वस्तीत, कोहक्याला राहायला गेले. अन्नपूर्णाला धडधाकट मुलगी झाल्याचं कानावर आलं, पण परत या, असं कोणी म्हटलं नाही.

तोंड कोरडं राहून राहून गयाबाईचे दात हलू लागले होते. नव्या शेजारणीने एकदा तान्हं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमचे डोळे असे कावून?"

उत्तराची वाट न बघता तिने बाळ उचलून घेतलं.