राखाडी फळी

थोरल्या सुताराने रंधा मारलेल्या फळीवरून माशीही घसरली असती. तरी गिऱ्हाईक जायचं शेजारी, धाकट्या भावाकडे. तो जुन्या दारांच्या फळ्या नुसत्या ब्रशने घासायचा, खिळ्यांची भोकं तशीच ठेवून वर मेण चोळायचा, आणि लोक त्यावर उड्या टाकायचे. थोरल्याच्या पोटात दुखायचं.

शेवटी त्यानेही उन्हापावसाने राखाडी झालेली एक फळी गुपचूप आणली. ‘वरवर साफ करू,’ म्हणून रंधा उचलला, आणि चाळीस वर्षांच्या सवयीचा हात काही थांबेना.

धाकटा डोकावला. “दादा, हे नवं लाकूड कुठून आणलंस?”

राखाडी ढलप्या पायानेच टेबलाखाली सारत थोरला म्हणाला, “तुला कशाला हव्यात चौकश्या?”