मोरीत उडी मारायची नाही

मला अजूनही राग येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही. परळीच्या त्या मंगल कार्यालयात आम्ही फायनल हरलो, त्याला आता बरेच महिने झाले. लोक म्हणतात, गेमच तर होता. असं म्हणणाऱ्याला हेडफोन फेकून मारावासा वाटतो.

गेम पाच-पाच जणांचा. प्रत्येकानं एकेक हिरो घ्यायचा. एक ढालवाला, जो पुढं उभा राहून मार खातो. तीन बंदूकवाले. आणि एक हीलर, म्हणजे जखमी झालेल्यांना बरं करणारा. हीलर मी. हे काही मी मागून घेतलेलं नव्हतं. लग्नघरात पोरींना वाढायला उभं करतात तसं कॅप्टननं पहिल्याच दिवशी "तू सगळ्यांचं बघ" म्हणून सांगून टाकलं. कॅप्टन म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. काका कडा गावाकडचे पुढारी. एक हाक मारली की माणसं गोळा होतात हे त्यानं लहानपणापासून घरात पाहिलेलं. घरी मी त्याला अरे-तुरे करते, बीडच्या गेमिंग कॅफेत चार लोकांसमोर मात्र "दादा, तुमी". ढाल अर्थातच त्याच्याकडं.

ज्या नकाशावर आमचं घोडं कायम अडायचं, तो तीन मजली होता. इंग्रजी नावं तोंडात बसेनात, म्हणून आम्ही आमची ठेवली. वर गच्ची, मधे पेठ, खाली मोरी. पेठेत एक गोल आखलेला. त्या गोलात ज्यांचा माणूस उभा, त्यांचा आकडा चढत जातो, शंभर झाला की जिंकलं. एवढंच. गच्चीवरून सगळी पेठ दिसते. मोरीतून काही म्हणजे काही दिसत नाही. आणि मुख्य गोष्ट अशी, की मोरीत उडी मारायला एक क्षण लागतो, पण परत वर यायला मोरीपासून थेट गच्चीपर्यंत गेलेला जिना चढावा लागतो. त्या जिन्याला आम्ही घाट म्हणायचो.

घाट हे नाव आमच्या नेमबाजानं दिलेलं. त्याचा मांजरसुंब्याला, घाटाच्या तोंडाशी ढाबा. दुपारची गर्दी ओसरली की मोटरसायकलवर बीडला यायचा, दोन तास खेळायचा आणि संध्याकाळच्या गिऱ्हाइकाआधी परत जायचा. बायकोमुलांचा, कमी बोलणारा माणूस. शर्टाला फोडणीचा वास आणि नेम असा, की समोरच्याला आपण मेलो हे मेल्यावरच कळायचं. उरलेले दोन बंदूकवाले कॅप्टनचे कॉलेजपासूनचे मित्र. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की ते त्याचे मित्र होते.

मी एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. सकाळपाळीला सूक्ष्मदर्शकात डोळा घालून पेशी मोजते. तीच सवय गेमला लागली. मी आमचे सगळे सामने मोबाइलवर उतरवून घेतले आणि दर रविवारी दुपारी बघत बसले. चार रविवारांत समजलं, की आम्ही दर वेळी एकाच पद्धतीनं हरतो. समोरच्यांची एक चपळ हिरोइन यायची, कॅप्टनला दोन टोले द्यायची आणि मोरीत पळून जायची. कॅप्टनच्या तळपायाची आग मस्तकात. तो ढाल घेऊन तिच्यामागं खाली. खाली तिचे आणखी दोघं दबा धरून बसलेले. मग हेडफोनमध्ये त्याची आरोळी, "या रे! या रे सगळे!" आणि आमचे सगळे, जिथं असतील तिथून, धपाधप मोरीत. वर गोल रिकामा. समोरच्यांचे उरलेले दोघं चालत येऊन त्यात उभे राहायचे. नाचायचेसुद्धा. त्या गेममध्ये नाचायचं बटण आहे.

आमच्याकडं हाक आली की कशाला म्हणून विचारत नाहीत, आधी पळतात. आठवडी बाजारात भांडण झालं तर कोण आलं आणि कोण दुकानात बसून राहिलं, हे लोक वीस वर्षं लक्षात ठेवतात. त्या बसून राहिलेल्याच्या पोराच्या लग्नातसुद्धा ते निघतं. मला हे कळत नाही असं नाही, मीही त्याच घरातली. पण इथं मेलेला माणूस दहा सेकंदांत ताजातवाना होऊन परत येतो. त्याला वाचवायला चार जणांनी मरायचं, याला काय म्हणावं?

मी वहीत तिन्ही मजले काढले आणि कॅफेत सगळ्यांसमोर ठेवले. ढाल गोलात, हलायचं नाही. दोन बंदुका पेठेत. नेमबाज गच्चीवर. मी घाटात, पेठ आणि गच्चीच्या मधल्या वळणावर, कारण तिथूनच वरचंही दिसतं आणि पेठेतलंही. आणि नियम एकच. मोरीत कुणीही उडी मारायची नाही.

"आन् कुणी गेलंच तर?" एका मित्रानं विचारलं.

"तर मरू द्यायचं," मी म्हणाले.

कॅप्टननं हेडफोन काढला. "मी खाली अडकलो, तर मला मरू द्यायचं?"

"हो."

"सख्खी न्हाई म्हणून का गं? भावाला मर म्हणती!"

मित्र खो खो हसले. एकानं "राखीचे पैसे वापस घ्या दादा" म्हणून टाळी घेतली. महिनाभराचं माझं काम त्यांनी असं हसण्यावारी नेलं. मला वही उचलून निघून जावंसं वाटत होतं. नेमबाज तेवढा हसला नाही. त्यानं वही स्वतःकडं ओढली आणि म्हणाला, "दादा, ताईचं बराबर हाय. गच्ची सोडली की सगळं जातंय."

कॅप्टनला ते नाकारता येईना. "बरं, परळीला हिचा प्लॅन," तो म्हणाला. "जिंकलो तर इथून पुढं कॉल हीच देईल. मी तोंड उघडणार न्हाई, बस?"

कॉल म्हणजे खेळ चालू असताना कुणी कुठं जायचं, हे माइकवर सांगायचं काम. ते काम मला हवं होतं. मला बक्षीस नको होतं, फोटो नको होता. मला बोलायचं होतं आणि चार माणसांनी ते ऐकून हलायचं, एवढंच मी वर्षभर मागत होते.

परळीला सामना भरदुपारी होता. स्टेजवर नवरा-नवरीच्या जागी दहा संगणक मांडलेले, टेबलांवर केटरर्सचं झालरवालं कापड. आधी सव्वा तास सत्कार. शाल, श्रीफळ, मग ज्यांचे राहिले त्यांचे सत्कार. ज्या पाहुण्यांना माउस कोणत्या हातात धरतात हे ठाऊक नसेल, ते तरुणाईला मार्गदर्शन करत होते. त्यातले दोघं कॅप्टनच्या ओळखीचे, म्हणून तो मधूनमधून उठून त्यांच्या पाया पडून येत होता. मी वही उघडून तेच तीन मजले पुन्हा पुन्हा गिरवत होते.

पण खेळ सुरू झाला आणि माझा प्लॅन चालला! एक फेरी आम्ही जिंकलो, एक ते जिंकले, तीही थोडक्यात. तिसऱ्या, निकालाच्या फेरीला तर मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. ती चपळ बया तीनदा येऊन टोले देऊन गेली, तीनदा कॅप्टन जागचा हलला नाही. आमचा आकडा नव्वदवर गेला, त्यांचा पंच्याऐंशीवर अडला. मागं बसलेली पोरं ओरडायला लागली.

चौथ्यांदा ती आली. टोला देऊन मोरीच्या तोंडाशी थांबली आणि नाचली.

कॅप्टन गेला. "थांब, तुला दावतोच!" म्हणत गेला, ढालीसकट. "या रे! या!" दोघं मित्र मागोमाग. गोल रिकामा झाला. मला वळणावरून सगळं स्वच्छ दिसत होतं. समोरचे दोघं पेठेच्या टोकाला होते, अजून लांब. मी चार पावलं खाली उतरून गोलात उभी राहिले असते आणि गच्चीवरून नेमबाजानं त्या दोघांना रोखलं असतं, तर आमचं काम झालं असतं. हे मला तेव्हाच दिसलं होतं.

आणि कॅप्टन ओरडला. हेडफोनमधून नव्हे, दोन खुर्च्या सोडून, त्याच्या खऱ्या आवाजात. "अगं ए, मरतोय ना मी! येती का न्हाई?"

मी उडी मारली.

आम्ही पाचही जण मोरीत मेलो. वरच्या दोघांनी चालत येऊन गोल घेतला, आणि आम्ही परत येईपर्यंत त्यांचे शंभर भरले.

पुढचं सांगायलाही जीभ जड होते. कॅप्टननं स्टेजवरचा माइक घेतला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर हसत म्हणाला, "पोरांनी जिवाचं रान केलं. हीलिंग थोडं कमी पडलं, बाकी काही न्हाई." टाळ्या पडल्या. मी तिथून उठले ती थेट मागच्या अंगणात, जिथं भांडी घासायचे नळ आहेत. तोंडावर पाणी मारलं. भावाला मनातल्या मनात मी जे जे बोलले, ते लिहिण्यासारखं नाही.

नेमबाज मागून आला.

"ताई, एक बोलू का? राग न्हाई ना येणार?"

"बोला."

"दादा वरडले, तरी मी गच्चीवरच व्हतो. तुमी सांगितलं व्हतं ना, कुणीबी गेलं तरी जायचं न्हाई. ते दोघं माझ्या नेमात आलतेच. मग तुमी उडी मारलेली दिसली. मला वाटलं, ताईनं प्लॅन बदलला."

"म्हणून तुमी...?"

"म्हणून मीबी मारली." त्यानं नळ बंद केला, मी तो तसाच सोडला होता. "तुमी नुसतं थांबा म्हणला असता, तरी थांबलो असतो. मी वाट बघत व्हतो, तुमी काय सांगता त्याची."

माझा माइक चालू होता. तिन्ही फेऱ्या चालू होता. त्या घटकेला मी त्यात एक शब्द बोलले नव्हते.