सबनीस सर आणि विमानांचं मशीन

कमलाकर सबनीस यांनी पनवेलच्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत त्यांची एकदाही चूक झाली नाही. म्हणजे व्हायची, पण ती चूक नसायची. फळ्यावर सात आठे चोपन्न लिहिलं आणि एखाद्या धीट मुलीने हात वर केला, की सर मागे वळून म्हणायचे, "शाबास! बघत होतो, वर्गात कोण जागं आहे." पेपरातली गुणांची बेरीज पाचाने कमी भरली, तर ते पाच मुलाच्या अक्षरापायी मुद्दाम कापलेले असायचे. एकदा बायकोला घेऊन उरणला निघाले आणि भलत्याच बसमध्ये बसून पेणला उतरले, तेव्हाही "पापड घ्यायचेच होते" असं म्हणून त्यांनी दोन किलो पापड घेतले. शशिकलाबाईंनी ते वर्षभर तळले.

अशा माणसाच्या मनात एक चूक तीस वर्षं रुतून बसली होती, हे कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. सांगणार तरी कोण? ती दोघांनाच ठाऊक होती.

झालं होतं असं. १९९३ साली उरण नाक्याजवळ तुळशीराम नावाच्या माणसाने व्हिडिओ गेमचं दुकान काढलं. पत्र्याची खोली, दाराला मळका पडदा आणि आत माणसाच्या उंचीची चार लाकडी मशीनं. प्रत्येकाच्या पोटात टीव्ही, समोर एक दांडा आणि बटणं. रुपया टाकला की खेळ सुरू. मधल्या सुट्टीनंतर शाळेतले निम्मे बाक रिकामे पडू लागले आणि सबनीस सरांनी कंबर कसली. ते मागच्या दाराने शिरायचे आणि दोन हातांत दोन कान धरून पुढच्या दाराने बाहेर पडायचे.

एका रविवारी दुपारी ते असेच धाड घालायला गेले, तर आत चिटपाखरू नव्हतं. तुळशीराम जेवायला घरी गेला होता. विमानांचं मशीन तेवढं चालू होतं. सरांच्या खिशात रुपया होता. शत्रूचा अभ्यास असावा, एवढ्याच शुद्ध हेतूने त्यांनी तो आत टाकला. मग त्यांना घरदार, शाळा, स्वतःचं वय, कशाचंच भान राहिलं नाही. शर्टाच्या बाह्या वर गेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. आणि अचानक मशीनच्या मागून हातात पेचकस घेतलेला एक मुलगा उभा राहिला. नववी 'ब'मधला अय्यूब. त्याचा हात चांगला चालायचा, म्हणून तुळशीराम त्याला रविवारी मशीनं दुरुस्त करायला बोलवायचा.

गुरुशिष्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सरांनी खाडकन त्याच्या कानाखाली वाजवली. "व्हिडिओ गेम खेळतोस?" असं खेळणाऱ्याने न खेळणाऱ्याला विचारलं.

एकदा एवढं झाल्यावर माघार घेणं सरांना येत नव्हतं. सोमवारी प्रार्थनेला अय्यूबला सगळ्या शाळेसमोर उभं केलं गेलं. जिल्ह्याच्या गणित स्पर्धेतून त्याचं नाव काढलं गेलं. त्याच्या आईला, हव्वाबींना, शाळेत बोलावून सरांनी स्वतः सांगितलं की तुमचा मुलगा खेळाच्या नादी लागलाय. सरांना धास्ती होती, हा आता बोलेल. अय्यूब खाली मान घालून उभा राहिला. खेळत कोण होतं, ते त्याने शाळेत कोणाला सांगितलं नाही. पुढेही कधी सांगितलं नाही.

हे सरांनी विसरायचा खूप प्रयत्न केला आणि जमतही आलं होतं. पण दोन वर्षांपूर्वी त्या तुकडीचं स्नेहसंमेलन झालं. एकेक पोट सुटलेले गृहस्थ उठून सांगू लागले, की सरांनी मारलं म्हणून आम्ही घडलो. बिल्डर झालेला देवेश तर आपला गाल पुढे करून म्हणाला, "हा आशीर्वाद आहे, सर!" टाळ्या झाल्या, शाल झाली, श्रीफळ झालं. सर त्या गर्दीत अय्यूबला शोधत होते. तो आला नव्हता. त्या रात्री सरांना नारळ उशाशी ठेवूनही झोप लागली नाही. अय्यूबला गाठून "माझी चूक झाली" एवढं म्हणायचं, त्याशिवाय आपल्याला बरं वाटणार नाही, हे त्यांना स्वच्छ कळलं. तीन शब्द. त्यांतला एकही त्यांनी या अर्थाने कधी वापरला नव्हता.

अय्यूब सापडायला वेळ लागला नाही. वीस वर्षं कुवेतला लिफ्टची पॅनेलं दुरुस्त करून तो परत आला होता आणि पटेल मोहल्ल्यात त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. सर करंजाड्याच्या आपल्या घरून मिक्सर घेऊन तिथे गेले.

"अय्यूब, मला तुला एक सांगायचं होतं."

"सर! या, या. बोला ना."

"हा... हा आवाज करतो."

अय्यूबने मिक्सर लावून बघितला. "सर, हा तर मस्त चालतोय."

"आत्ता चालतोय," सर म्हणाले आणि मिक्सर घेऊन घरी आले.

पुढच्या आठवड्यात इस्त्री गेली, तीही धडधाकट परत आली. तिसऱ्या वेळी खोटं नको म्हणून सरांनी गिझरची वायर स्वतःच्या हाताने तोडून तो नेला. शशिकलाबाईंनी दोन दिवस थंड पाण्याने अंघोळ केली आणि सरांच्या तोंडून दुकानात अवाक्षर निघालं नाही. तिथे सदा कोणीतरी वॉशिंग मशीनचं रडगाणं गात बसलेलं असायचं. सरांनी मग गणित मांडलं. अय्यूब घरी आला पाहिजे, एकटा आला पाहिजे आणि पुष्कळ दिवस येत राहिला पाहिजे. म्हणजे उचलून नेता येणार नाही अशी आणि सहजी दुरुस्त होणार नाही अशी वस्तू पाहिजे.

तुळशीराम केव्हाच गावी निघून गेला होता. त्याची मशीनं ओवे गावातल्या एका भंगारवाल्याकडे गेल्याचं कळलं. तिन्हींचं सरपण झालं होतं. चौथं, विमानांचं, शाबूत होतं, कारण भंगारवाल्याने त्यात कोंबड्या पाळल्या होत्या.

मशीन लिफ्टमध्ये मावेना. चार हमालांनी ते चौथ्या मजल्यावर चढवलं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्यातून पिसं उडत होती.

"हे काय आणलंत?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"शैक्षणिक साहित्य," सर म्हणाले.

शुक्रवारी दुपारी नमाज आटोपून अय्यूब सरांच्या बोलावण्यावरून आला. दुकान त्या वेळी बंद असायचं. हॉलमध्ये मशीन बघून तो दारातच थबकला. मग जवळ गेला, मागची फळी उघडली आणि आत हात घालून बराच वेळ काहीतरी चाचपत राहिला. सर वाकून बघू लागले.

"सर," अय्यूब म्हणाला, "आत अंडं आहे."

त्यानंतर सहा शुक्रवार काम चाललं. खालचं प्लायवूड फुगून पापडासारखं सुटत होतं, ते बदललं. सर्किटची पाटी ब्रशने आणि स्पिरिटने धुतली, तेव्हा तिच्यावरून एवढी घाण निघाली की शशिकलाबाईंनी दोन दिवस हॉलमध्ये पाय ठेवला नाही. दांड्याखालच्या चार कळा गंजल्या होत्या, त्या नव्या घातल्या. स्पीकरचा कागद कोंबड्यांनी टोचून खाल्ला होता. पिक्चर ट्यूब तर मेलेलीच होती, आणि तसली आता बाजारात कुठे मिळायला? शेवटी शशिकलाबाईंनी माळ्यावरचा आपला बंद पडलेला, पण ट्यूब शाबूत असलेला जुना टीव्ही काढून दिला. तो त्यांनी पंधरा वर्षं का जपून ठेवला होता, याचं उत्तर त्यांना मिळालं आणि त्या दिवसापासून मशीन अर्धं त्यांचं झालं. त्यावर कुंडी ठेवायची, की विणलेला रुमाल घालायचा, यावर त्या विचार करू लागल्या.

अय्यूब खाली मान घालून काम करायचा. सर शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि घसा खाकरायचे.

"अय्यूब, एकोणीसशे त्र्याण्णव साली..."

"हां सर?"

"एकोणीसशे त्र्याण्णव ही मूळ संख्या आहे."

"हो का सर? मला माहीत नव्हतं," अय्यूब म्हणाला आणि पुन्हा तारेला सोल्डरचा डाग द्यायला लागला.

पुढच्या शुक्रवारी सरांनी सगळं कागदावर लिहून काढलं. अय्यूब यायच्या आधी ते एकदा वाचायला बसले, लाल पेनाने शुद्धलेखन सुधारलं, आणि तो आला तेव्हा कागद दहापैकी सहा गुण मिळवून खिशात गेला होता. त्याच्या पुढच्या वेळी तर "अय्यूब, तुला राग येत नाही?" इथपर्यंत मजल गेली. "कशाचा?" असं त्याने विचारल्यावर मात्र सर "या असल्या जुन्या स्क्रूंचा" असं म्हणाले.

"येतो ना," अय्यूब म्हणाला. "पण काम करताना दाखवायचा नसतो. हात हलतो."

शशिकलाबाईंना काय ते ठाऊक नव्हतं, पण काहीतरी आहे एवढं त्यांनी ओळखलं होतं. "त्या बिचाऱ्याला जे सांगायचंय ते एकदाचं सांगून टाका," त्या म्हणाल्या. "माझा मिक्सर गेला, इस्त्री गेली, गिझर गेला. आता फ्रीजला हात लावलात तर बघा."

सहाव्या शुक्रवारी अय्यूबने बटण दाबलं. आधी नुसती खरखर झाली, मग पडदा निळा झाला, आणि तीस वर्षांनी ती विमानं वरून रांगेने खाली उतरू लागली. तीच ट्यांव-ट्यांव धून वाजली. अय्यूब दोन पावलं मागे सरला.

"खेळा सर."

सरांनी दांड्याला हात लावला. मग तो काढून घेतला. पडद्याकडे बघतच ते बोलले, कारण अय्यूबकडे बघून बोलता आलं नसतं.

"त्या दिवशी मी खेळत होतो. तू नाही. मला लाज वाटली म्हणून मी तुला मारलं. आणि नंतर सगळ्या शाळेसमोर खोटं बोललो. माझी चूक झाली, अय्यूब."

शशिकलाबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या, आणि तेही दुसऱ्याच्या वाट्याला गेलं होतं.

अय्यूबने पेचकस खाली ठेवला. मग म्हणाला, "सर, तुम्ही त्या दिवशी किती वेळ खेळलात, आठवतंय?"

"अर्धा तास," सर म्हणाले, आणि एवढ्या पश्चात्तापातही त्यांच्या आवाजात थोडी ऐट आली. "एका रुपयात. पोरं दोन मिनिटं टिकत नसत."

"तुम्ही पण दोन मिनिटांतच मेला होतात, सर. मी मागे बसून नाण्याची कळ दाबत होतो. मशीनला वाटायचं, नवा रुपया पडला. तुम्ही बटण दाबलंत की खेळ पुढे चालू."

सर त्याच्याकडे वळले. "का?"

"तुम्ही हसत होतात," अय्यूब म्हणाला. "एकटेच, जोरजोरात. आम्ही कोणी तुम्हाला कधी हसताना बघितलं नव्हतं. म्हटलं, चालू दे."

सरांना तिथेच खुर्चीत बसावं लागलं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. अय्यूबने ट्रेवरचा पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला.

"माफी वगैरे राहू दे, सर. पण एक काम कराल? हे अम्मीला सांगा. तिला अजून वाटतं, मीच खेळत होतो. माझा मुलगा माज मोबाईल घेऊन बसला की ती म्हणते, बापाच्याच वळणावर गेलाय. मी पंचेचाळीस वर्षांचा झालो, सर."

"चल," सर म्हणाले. चहा न घेता ते उठले आणि घरातल्याच स्लिपरवर अय्यूबच्या स्कूटरवर मागे बसले.

हव्वाबी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. सरांना बघून त्यांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली. "सर तुमी? या, बसा."

सर उभेच राहिले. त्यांनी रविवारपासून सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. तुळशीरामाचं दुकान, तो रुपया, ती थप्पड, प्रार्थनेची रांग, शाळेत बोलावून त्यांना सांगितलेलं खोटं. एकही पायरी त्यांनी गाळली नाही. हव्वाबींचे हात सुपात तसेच थांबले होते.

"म्हंजे माजा पोर खेलत नव्हता?"

"नाही. मशीन दुरुस्त करत होता."

"त्याने सांगितला हुता मना," हव्वाबी म्हणाल्या. "अम्मी, मी खेलत नव्हतो, म्हनला. किती रडला. मी म्हटला, सर काय खोटा बोलतील?"

सरांची मान खाली गेली. हव्वाबींनी सूप बाजूला सारलं. "सर, तुमी एक मारलीत. मी त्याचे पाठीवर लाटना मोडला. दोन दिस त्याचेशी बोलली नाय मी."

मग त्यांनी अय्यूबला जवळ बोलावलं. तो ओट्यापाशी खाली बसला. त्यांनी त्याचा शर्ट मानेमागून थोडा ओढला आणि जणू वळ अजून तिथे असतील अशा त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पिकल्या दाढीचा अय्यूब आईच्या गुडघ्यावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागला. हव्वाबींनी सरांना पुन्हा एकदा बसायला सांगितलं, पण सर, त्या सोमवारी अय्यूब राहिला होता तसे, खाली मान घालून उभेच राहिले.