नाहीबाई 'बरं' म्हणाली

मुलगी आपलं ऐकत नाही, ही काळजी नाहीबाईच्या आईने इतकी वर्षं वागवली होती की तिची तिला सवय होऊन गेली होती. आजची काळजी निराळी होती. काल संध्याकाळी फोनवर मुलीने ऐकलं होतं. हूं नाही की चूं नाही, सरळ "बरं" म्हणाली होती. सकाळी ती काम करायची त्या चष्म्याच्या दुकानाचं शटर वर गेलं तरी तो एवढासा शब्द आईच्या डोक्यातून गेला नव्हता.

नाहीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. मुलं पहिल्यांदा आई म्हणतात, बाबा म्हणतात. ही पहिल्यांदा 'नाही' म्हणाली, तेही दुधाची वाटी पुढे केल्यावर. मामाने तिथल्या तिथे नाव पाडलं आणि ते चिकटलं. आंघोळीला नाही, झोपायला नाही. खाऊलासुद्धा आधी नाही आणि मग दोन्ही हातांनी हो. आई दमून जायची. शेजारीण म्हणायची, "अहो, पोटात असतानाही ही मान हलवत असेल."

ती सात वर्षांची असताना तिचे बाबा गेले. रात्री जेवून झोपले ते उठलेच नाहीत. त्यानंतर शाळेत नाहीबाईने एका मुलीला ढकललं, दुसरीची पट्टी मोडली आणि थांबवायला आलेल्या बाईंच्या हाताला कडकडून चावली. बाईंनी तिला दारालगतच्या बाकावर एकटीला बसवलं. चावणं, ढकलणं महिन्याभरात थांबलं. बाक मात्र थांबला नाही. पुढच्या वर्षी नव्या बाई आल्या, त्यांना जुन्या बाईंनी सांगून ठेवलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. आई शाळेत जाऊन सांगून आली, एकदा नाही, दोनदा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आता शांत बसते आहे ना? मग बसू दे. जागा बदलली की पुन्हा सुरू व्हायची." शांत बसते म्हणून बाक, आणि शांत बसली नसती तरी बाकच. चौथी संपेपर्यंत पोरगी दारातून येणाऱ्या वाऱ्यात बसून शिकली. शिकली मात्र चांगली.

नोकरीत तिचं 'नाही' काही सुटलं नाही. पहिली नोकरी तिने साहेबाशी वाद घालून सोडली, दुसरी साहेबाने वाद घालून सोडायला लावली. दोन्ही वेळा ती बॅग घेऊन घरी आली आणि दोन्ही वेळा आईने, "हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची काय गरज होती?" असं विचारलं. तिसरी नोकरी टिकली. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात, मुलांच्या मानसोपचार विभागात, आजारांना कोड लावायची. जेवायला तासभर सुट्टी, खिडकी नसलेली खोली, सहा संगणक, आणि कपाटावर कुणीतरी आणून ठेवलेलं, कधीच पाणी न मिळालेलं एक रोपटं.

काम काय, ते आईला समजायला वेळ लागला. डॉक्टर तपासतात, टिपण लिहितात. ते टिपण वाचायचं आणि त्यात लिहिलेल्या आजाराचं ठरलेलं अक्षर आणि आकडे निवडायचे. त्या आकड्यांवर बिल निघतं, औषध चालू राहतं, शाळेला कळवलं जातं. डॉक्टरांनी लिहिलं असेल तेवढंच लावायचं, आपल्या मनाचं काही नाही. लिहिलेलं कळलं नाही तर फाईल प्रश्न घालून परत पाठवायची.

"दंगेखोर मुलांची एक वेगळी रांगच आहे," नाहीबाईने एकदा सुट्टीत घरी आली असताना सांगितलं होतं. "एफ एक्क्याण्णव. फक्त घरातच धुडगूस घालत असेल तर पुढे शून्य. सगळीकडे घालतो आणि लहानपणापासून घालतो, तर एक. वयात येताना सुरू झालं, तर दोन. उलट बोलतो, हट्ट करतो, सांगितलेलं ऐकत नाही, तर तीन."

"म्हणजे तू तीन," आई भाजी निवडता निवडता म्हणाली.

"तीन लावायला डॉक्टर लागतो. आई चालत नाही."

"आणि डॉक्टरांनी धड काही लिहिलंच नसलं तर?"

"तर नऊ. काहीतरी आहे, पण काय ते सांगितलेलं नाही. आमच्याकडे म्हणतात, नाकी नऊ आले की नऊ लावा आणि पुढची फाईल उघडा."

दोघी हसल्या होत्या. ते हसणं आता आईला आठवायला लागत होतं, कारण त्यानंतर फारसं झालं नव्हतं. फोनवर मुलीचा आवाज दिवसेंदिवस पातळ होत चालला होता. जेवलीस का, तर हो. काय जेवलीस, तर आठवत नाही. डोळे चुरचुरतात म्हणून आईने थेंब पाठवले, ती बाटली तिने उघडलीच नव्हती. तिच्या खोलीतली मैत्रीण एकदा फोनवर म्हणाली, "काकू, मला जरा काळजीच वाटते. हल्ली ती माझ्याशी भांडत नाही."

आणि मग ही फाईल. फाईल कुणाची, ते नाव नाहीबाई सांगत नसे. एक सात वर्षांची मुलगी आहे, एवढंच. वर्गात मारते, चावते, वस्तू फोडते. पहिल्या भेटीत बदलीवर आलेल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'वर्तनाची तक्रार, तपासून ठरवू.' तपासून ठरवू म्हणजे अजून ठरलेलं नाही. अशा वेळी तक्रारीचा कोड लावायचा, आजाराचा नाही, ही त्यांच्या धंद्यातली पहिली शिकवण. पण कुणीतरी घाईत नऊ लावून टाकला. पुढच्या भेटीला नेहमीचे डॉक्टर आले, त्यांनी पडद्यावर आधीचा आजार दिसला म्हणून लिहिलं, 'पूर्वीप्रमाणे.' त्याच्या पुढच्या भेटीला पुन्हा 'पूर्वीप्रमाणे.' पूर्वी काहीच नव्हतं. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण मागे जाऊन पाहायला वेळ कुणाला होता?

नाहीबाई मागे गेली. नर्सने वजन-उंचीच्या खाली एक ओळ लिहिलेली तिला दिसली. आई वारून दोन महिने.

"ती ओळ डॉक्टरांनी पाहिली असती तर वेगळी रांग लागली असती कदाचित," ती आईला म्हणाली होती. "धक्क्यानंतर होतं तसलं वागणं. त्याला निराळा कोड आहे आणि तो पुढे निघूनही जातो. पण ते मी ठरवायचं नाही. मी फक्त विचारायचं."

तिने विचारलं. उत्तर आलं, 'पूर्वीप्रमाणे.' तिने पुन्हा विचारलं, नर्सच्या ओळीचा हवाला देऊन. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा विभागप्रमुख बाई तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. महिनाअखेर आहे, बाकीचे दुप्पट फाईली उरकतात, उद्या दुपारपर्यंत ही बंद झाली नाही तर पुढच्या महिन्याचा करार होणार नाही, असं त्यांनी फारसा आवाज न चढवता सांगितलं. फाईल बंद झाली की नऊ कायम. मग तो अहवाल शाळेला जाणार होता, आणि शाळा त्या मुलीला वेगळ्या वर्गात टाकायला टपून बसली होती.

काल संध्याकाळी हे सगळं सांगून झाल्यावर नाहीबाईने विचारलं, "काय करू?"

आईला खरं म्हणजे तिथेच चमकायला हवं होतं. या मुलीने आजवर काय करू असं कधी विचारलं होतं? पण आई दिवसभर उभी राहून आलेली, पाय सुजलेले, आणि डोळ्यांपुढे बॅग घेऊन दारात उभी असलेली मुलगी. तिसऱ्यांदा.

"बंद कर," ती म्हणाली. "तू काय जगाचा ठेका घेतलायस? नाकासमोर बघून काम कर. डॉक्टरांचं डॉक्टर बघून घेतील."

पलीकडून नाहीबाई म्हणाली, "बरं. तू म्हणतेस तर बंद करते."

आणि फोन ठेवला.

आता आई काउंटरमागे उभी राहून फ्रेमा पुसत होती. तिचं मूळ काम नंबर काढायचं. पदवीनंतर तिने त्याचा अभ्यासक्रम केला होता आणि मालकाच्या वडिलांच्या वेळेपासून ती इथे होती. मालक तेव्हा अर्ध्या चड्डीत काउंटरखाली खेळायचा. आता ती त्याला अहो-जाहो करते आणि तो तिला काकू म्हणतो.

"काकू, ती फ्रेम पुसून पुसून वितळेल," मालक म्हणाला.

तेवढ्यात एक गृहस्थ घाईघाईने आत आले, मागे आठ-नऊ वर्षांची मुलगी. मुलीच्या चष्म्याची दांडी तुटलेली, एका काचेला तडा. गृहस्थांनी खिशातून घडी पडलेली चिठ्ठी काढली.

"हाच नंबर टाका. गाडी बाहेर उभी आहे, जरा लवकर."

आईने चिठ्ठी उलगडली. "ही मागच्या वर्षीची आहे."

"नंबर तोच आहे."

"कुणी तपासला?"

"मी सांगतोय ना. बाप आहे मी तिचा."

"ते दिसतंच आहे. पण नंबर बापाला कळत नाही, खुर्चीत बसवून बघावा लागतो. पाच मिनिटं द्या."

"बाई, तुम्ही चष्मे विकायला बसलात की लोकांना शिकवायला?"

मुलगी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती, एक डोळा बारीक करून, मान तिरकी धरून. आई तिच्याकडे बघत म्हणाली, "मुलांचे डोळे बदलतात हो. मागच्या चिठ्ठीवरनं काच घातली तर ती तिच्या नाकावर वर्षभर बसणार. वेडंवाकडं तिला दिसणार आणि वर तुम्हीच तिला म्हणणार, नीट बघून का लिहीत नाहीस. मी नाही घालायची."

"नका घालू. समोर दुसरं दुकान आहे."

गृहस्थांनी चिठ्ठी तिच्या हातातून ओढून घेतली, मुलीचा दंड धरला आणि रस्ता ओलांडून गेले. मुलगी पायरी उतरताना अडखळली.

"वा काकू," मालक म्हणाला. "गिऱ्हाईक समोरच्याला घरपोच दिलंत. चिठ्ठी होती ना त्याच्याकडे? मग आपलं काय जात होतं?"

आईची नजर समोरच्या दुकानाच्या दारावर होती. अनोळखी माणसाच्या मुलीसाठी ती मघाशी जे ताडताड बोलली, त्याच्या बरोबर उलटं ती काल स्वतःच्या मुलीला शिकवून बसली होती. आणि त्या पोरीला दारालगतच्या बाकावर तीन वर्षं काढल्यावरसुद्धा ते मान्य करावं लागलं होतं. आई म्हणते म्हणून.

नोकरी जाईल, हे खरंच होतं. गेली तर भाडं, गेली तर पुन्हा ती बॅग, पुन्हा लोकांचे प्रश्न, पुन्हा रात्री पलीकडच्या खोलीतून येणारे उसासे. यातलं एकही आईला नको होतं. तिने मनातल्या मनात सगळं एकदा मांडून बघितलं आणि त्या 'बरं'च्या शेजारी ठेवलं. बॅग घेऊन आलेल्या मुलीला ती दोनदा पाहून होती. दोन्ही वेळा तिने दारातूनच भांडायला सुरुवात केली होती, आणि चार दिवसांत घर डोक्यावर घेतलं होतं. बरं म्हणणारी मुलगी तिने पाहिली नव्हती. ती कुठे जाते आणि तिथून परत कशी आणायची, हे तिला ठाऊक नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात अजून दुपार व्हायची होती. खिडकी नसलेल्या त्या खोलीत आता चहा येऊन गेला असेल. कदाचित फाईल उघडलीही असेल.

तिने फ्रेम जागेवर ठेवली, खणातून पर्स काढली, पर्समधून फोन.

"कुठे निघालात?" मालकाने विचारलं.

"तपासणीच्या खोलीत. मुलीला फोन करायचाय."

"आत्ता? काकू, अहो, गिऱ्हाईक आलं तर?"

"बसवून ठेवा. नंबर काढल्याशिवाय कुणाला काच घालू नका."

खोलीत अंधार होता, समोर अक्षरांचा फळा तेवढा उजळलेला. काय बोलायचं ते तिने जुळवलं नव्हतं. ती रागावेल, म्हणेल, काल एक सांगतेस, आज एक सांगतेस, तुझं डोकं ठिकाणावर आहे का. म्हणू दे. तेवढं जरी म्हणाली तरी पुष्कळ. आई तपासणीच्या खुर्चीत बसली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मुलीचा नंबर लावला.